पुस्तकांच्या फळ्यांवर उभं दालन

वाचनालयाला इमारत किती लागते? चार कपाटं, दोन बाकं, देवघेवीचं टेबल आणि पावसाळ्यात गळणार नाही असं छप्पर, एवढ्या भांडवलावर महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी पिढ्यान् पिढ्या वाचनालयं चालवली आहेत. मग न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर, ४० व्या आणि ४२ व्या रस्त्यांच्या मधे, सार्वजनिक ग्रंथालयासाठी संगमरवराचा एवढा थोरला प्रासाद कशाला उभारला? खर्च आला ९० लाख डॉलर, तेही १९११ सालचे. त्या काळापर्यंत अमेरिकेत एवढी मोठी संगमरवरी इमारत कुणी बांधायला घेतली नव्हती. हाच पैसा पुस्तकांवर खर्च केला असता तर, असं कुणालाही वाटेल.

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळवायचं तर दर्शनी खांबांवरून नजर काढून थेट तिसऱ्या मजल्यावरच्या वाचनकक्षात जावं लागतं, आणि तिथून त्या कक्षाच्या फरशीखाली काय आहे ते पाहावं लागतं. पण त्याआधी ही संस्था कशी जन्मली ते थोडक्यात.

१. तीन थैल्या एकत्र येतात

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये ग्रंथालयं नव्हती असं नाही. व्यापारी जॉन जेकब ॲस्टर यांनी मृत्युपत्रात ४ लाख डॉलर ठेवले आणि त्यातून १८५४ मध्ये ॲस्टर ग्रंथालय उघडलं. तिथे प्रवेश मोफत होता, पण पुस्तक घरी मिळत नसे आणि दारं दिवसाउजेडीच उघडी असत. दिवसभर कामावर असणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय? दुसरं ग्रंथालय जेम्स लेनॉक्स यांचं. त्यांच्याकडे दुर्मीळ ग्रंथांचा खजिना होता, गुटेनबर्गचं बायबलसुद्धा. मात्र ते अभ्यासकांसाठी होतं, आत जायला तिकीट लागायचं.

तिसरा पैसा सॅम्युअल टिल्डन यांचा. हे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जास्त मतं मिळवूनही ते हरले होते. १८८६ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा शहरात मोफत ग्रंथालय आणि वाचनकक्ष व्हावा म्हणून त्यांनी सुमारे २४ लाख डॉलर ठेवले होते. नातेवाईक कोर्टात गेले, रक्कम घटली. जे उरलं ते नवं ग्रंथालय उभं करायला पुरेसं नव्हतं. आणि त्याच सुमारास ॲस्टर आणि लेनॉक्स ही दोन्ही ग्रंथालयंही पैशाच्या ओढाताणीत होती.

म्हणून २३ मे १८९५ रोजी तिन्ही संस्था एक झाल्या. शहरानं जागा दिली आणि इमारत बांधून दिली. पुस्तकं आणि कारभार विश्वस्त संस्थेकडे राहिला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नावात ‘सार्वजनिक’ असलं तरी हे सरकारी खातं नाही. इमारत शहराची, संग्रह विश्वस्तांचा आणि दार सगळ्यांना उघडं, अशी ही तिहेरी मांडणी आहे. आजही मुख्य संशोधन ग्रंथालयाचा मोठा भार देणग्या आणि ठेवींवर असतो, तर वस्त्यांमधल्या शाखा मुख्यतः शहराच्या पैशावर चालतात. त्या शाखांनाही एक मोठा दाता लाभला. १९०१ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी न्यूयॉर्कमध्ये शाखा बांधायला ५२ लाख डॉलर देऊ केले. अट अशी की जागा शहरानं द्यायची आणि इमारत उभी राहिल्यावर तिचा चालू खर्चही शहरानंच उचलायचा. इमारतीला दाता मिळतो, पण रोजच्या पगाराला आणि विजेच्या बिलाला मिळत नाही, हे कार्नेगी पुरतं जाणून होते.

२. जागा तलावाची

निवडलेली जागा रिकामी नव्हती. तिथे क्रोटन नदीच्या पाण्याचा साठवण तलाव होता. तो १८४२ मध्ये बांधलेला, जमिनीच्या वर उभा, ५० फूट उंच आणि २५ फूट जाड भिंतींचा. भिंतींच्या माथ्यावर लोक हवा खायला फिरत. तो तलाव मोडून जागा साफ करायला सुमारे ५०० कामगारांना दोन वर्षं लागली. तरी सगळे दगड हलवले नाहीत. ग्रंथालयाच्या दक्षिण बाजूच्या तळघरात जुन्या तलावाची दगडी बांधणी आजही दिसते.

३. आधी आराखडा, मग खांब

आता मूळ मुद्दा. नव्या संस्थेचे पहिले संचालक जॉन शॉ बिलिंग्ज हे पेशानं लष्करी शल्यचिकित्सक होते. वॉशिंग्टनला त्यांनी वैद्यकीय ग्रंथांचं देशातलं सर्वांत मोठं ग्रंथालय घडवलं होतं, आणि जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या इमारतीची आखणीही केली होती. पुस्तकं सांभाळणं आणि इमारतीत माणसांची ये-जा कशी व्हावी हे जाणणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला अवगत होत्या.

वास्तुविशारद नेमण्याच्या आधीच बिलिंग्जनी कागदाच्या एका लहानशा तुकड्यावर कच्चं रेखाटन केलं. त्यात कल्पना एवढीच होती: खाली पुस्तकांच्या फळ्यांचे सात मजले, सगळ्यांच्या डोक्यावर एक अवाढव्य वाचनकक्ष, आणि दोहोंमध्ये पुस्तक झटपट वर पोचवणारी व्यवस्था.

हे उलटं का? तोवरच्या अनेक मोठ्या ग्रंथालयांत वाचक मधे बसायचे आणि पुस्तकं चहूबाजूंनी भिंतींवर असायची. दिसायला सुरेख, पण संग्रह लाखांत गेला की दूरच्या कोपऱ्यातलं पुस्तक आणायला माणसाला बरीच पायपीट करावी लागते. बिलिंग्जचं रेखाटन मंगल कार्यालयासारखं आहे. मुदपाकखाना खाली, पंगत वर. पानावरच्या माणसाला भांडी दिसत नाहीत, कुठल्या चुलीवर काय आहे हे कळण्याची गरज नाही, पण मागितलेला पदार्थ गरम असतानाच यायला हवा. त्यासाठी स्वयंपाकघर पंगतीच्या बरोबर खाली लागतं, शेजारच्या इमारतीत असून भागत नाही.

वर बसवण्याचा आणखी एक फायदा होता. तिसऱ्या मजल्यावर रस्त्याचा गलबला कमी पोचतो आणि दोन्ही अंगांना मोठ्या कमानदार खिडक्या ठेवता येतात. विजेचे दिवे तेव्हा आले होते, पण वाचायला उत्तम उजेड सूर्याचाच.

१८९७ मध्ये स्पर्धा झाली आणि तुलनेनं तरुण अशा जॉन कॅरेर आणि थॉमस हेस्टिंग्ज या जोडीला काम मिळालं. दोघं पॅरिसच्या एकोल द बोझार्त या कलाशाळेत शिकलेले. त्या शाळेचं वळण म्हणजे समतोल मांडणी, भव्य जिने, कमानी, शिल्पं, आणि इमारतीत शिरणारा माणूस पायरीपायरीनं मुख्य दालनापर्यंत जाईल अशी वाट. हे सगळं त्यांनी बिलिंग्जच्या रेखाटनाभोवती बसवलं. ज्यांना ही इमारत नुसती दिखाऊ वाटते त्यांनी तिची मागची बाजू पाहावी. पुढे खांब, कमानी, कारंजी. मागे, ब्रायंट पार्ककडच्या भिंतीवर, खालून वरपर्यंत गेलेल्या अरुंद, उभ्या खिडक्यांची रांग. आतल्या फळ्यांच्या ओळींमध्ये उजेड पडावा म्हणून त्या ठेवल्या आहेत. आत काय आहे ते ही भिंत बाहेरूनच सांगते, आणि इमारतीचा सर्वांत प्रामाणिक भाग बहुधा हाच आहे.

वाचनकक्ष २९७ फूट लांब आणि ७८ फूट रुंद आहे, छत ५२ फुटांवर. मधे एकही खांब नाही. एवढ्या फरशीचं, टेबलांचं, माणसांचं वजन घेतं कोण? ग्रंथालयाच्या भाषेत पुस्तकांच्या कोठाराला ‘स्टॅक’ म्हणतात. या इमारतीतल्या स्टॅकमध्ये लोखंड आणि पोलादाच्या उभ्या दांड्यांचं जाळं आहे. याच दांड्यांवर पुस्तकांच्या फळ्या बसवल्या आहेत, आणि हेच जाळं वर जाऊन वाचनकक्षाची फरशी पेलतं. म्हणजे कपाट काढून टाकलं आणि खोली तशीच राहिली, असं इथे होणार नाही. कपाट हाच खांब आहे. सुरुवातीला या फळ्यांची एकूण लांबी ७५ मैल होती, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर. पुण्याहून निघालं तर साताऱ्याच्या पुढे जाईल एवढी.

४. चिठ्ठीचा प्रवास

२३ मे १९११ ला, तीन संस्थांच्या विलीनीकरणाला बरोबर १६ वर्षं झाली त्या दिवशी, अध्यक्ष टॅफ्ट यांच्या उपस्थितीत उद्घाटन झालं. जॉन कॅरेर ते पाहायला नव्हते. फेब्रुवारीत त्यांच्या टॅक्सीला ट्रामची धडक बसली आणि १ मार्चला ते गेले. त्यांचं पार्थिव त्यांनीच आखलेल्या या इमारतीच्या प्रवेशदालनात अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, २४ मे रोजी, दारं सगळ्यांसाठी उघडली. ३० ते ५० हजार माणसं आली असा अंदाज आहे. त्या दिवशी मागवलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतलं एक रशियन भाषेतलं होतं. निकोलाय ग्रोट यांचा नीत्शे आणि टॉलस्टॉय यांच्या नैतिक विचारांवरचा अभ्यास. वाचकानं सकाळी ९ वाजून ८ मिनिटांनी चिठ्ठी दिली आणि सहा मिनिटांत पुस्तक हातात आलं.

ती सहा मिनिटं कशी गेली ते पाहू. शेजारच्या तालिकांच्या दालनात वाचक पुस्तकाचं नाव शोधून त्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहितो. टेबलावरचा कर्मचारी ती चिठ्ठी पितळी नळकांड्यात घालून हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीत सोडतो. नळकांडं सुर्रकन त्या मजल्यावर जातं जिथे ते पुस्तक असायला हवं. तिथला कर्मचारी चिठ्ठी वाचतो, फळीवरून पुस्तक काढतो आणि छोट्या पाळण्यात ठेवून वर पाठवतो. वर वाचकाचा क्रमांक फलकावर उजळतो. तो उठतो, वाचनकक्षाच्या मधोमध असलेल्या कोरीव लाकडी मांडणीच्या खिडकीपाशी जातो आणि पुस्तक घेतो. सगळ्या वाटेत वाचकाला चालावं लागतं ते फक्त आपल्या खुर्चीपासून खिडकीपर्यंत.

आणि हा वाचक कोण, हे कुणी विचारत नाही. पदवी दाखवा, ओळखपत्र आणा, शिफारस आणा, असलं काही नव्हतं. ज्या शहरात बोटीनं येऊन उतरलेली माणसं दहा-दहा तास कारखान्यात राबत होती, तिथे एखाद्या रशियन माणसाला आपल्या भाषेतलं तत्त्वज्ञानाचं पुस्तक राजवाड्यासारख्या दालनात बसून, पितळी दिव्याखाली, फुकट वाचता आलं. संगमरवरावर खर्च का केला याचं उत्तर इथे मिळतं. पैसेवाल्याच्या दिवाणखान्यात जे वैभव असतं ते इथे कुणाच्याही वाट्याला यावं, असा तो हिशेब होता. तो खर्च फुकट गेला असं म्हणवत नाही.

एक फरक मराठी वाचकानं ध्यानात ठेवावा. या मुख्य संग्रहातलं पुस्तक घरी नेता येत नाही. ते इथेच वाचायचं. घरी न्यायची पुस्तकं शाखांमधून मिळतात, आणि रस्त्यापलीकडची मोठी शाखा नूतनीकरणानंतर २०२१ मध्ये पुन्हा खुली झाली आहे. त्याच वर्षी ग्रंथालयानं उशिरा पुस्तक परत केल्याचा दंडही बंद केला.

५. विषयाऐवजी उंची

बंद कोठाराचं एक वेगळं गणित असतं. आपल्या वाचनालयात कादंबऱ्या एकीकडे, चरित्रं दुसरीकडे असतात. वाचक स्वतः कपाटापाशी जातो तेव्हा हे सोयीचं. पण जिथे वाचक कपाटापर्यंत जाणारच नाही तिथे विषयवारी कुणासाठी?

समजा, एक कपाट ८४ इंच उंच आहे. पुस्तकं विषयाप्रमाणे लावली तर प्रत्येक विषयात एखादं १४ इंच उंचीचं पुस्तक असतंच, म्हणून फळ्यांमधलं अंतर १४ इंच ठेवावं लागतं. फळीची जाडी सोडून दिली तर सहा ओळी होतात. तीच पुस्तकं उंचीप्रमाणे वेगळी केली आणि या कपाटात ९ इंचांपर्यंतचीच ठेवली, तर नऊ ओळी बसतात. कपाट तेच, जागा दीडपट. प्रत्येक पुस्तकाला जागेचा पक्का क्रमांक दिला की ते सापडतंही. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयानं १९५० च्या दशकात नव्या पुस्तकांसाठी हीच पद्धत स्वीकारली. शेजारी पाकशास्त्र आणि पलीकडे खगोलशास्त्र असलं तरी कोठाराला त्याचं काही वाटत नाही.

एवढं करूनही जागा संपलीच. मग १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मागच्या ब्रायंट पार्कची हिरवळ खोदून तिच्याखाली नवं भांडार बांधलं आणि वर पुन्हा बाग केली. ऊन खात बाकावर बसलेल्या माणसाच्या पायाखाली आज लाखो पुस्तकं आहेत. २०१६ मध्ये तिथून वर पुस्तकं आणायला २४ लहान लाल डब्यांची गाडी सुरू झाली. रुळांची लांबी ९५० फूट, मिनिटाला ७५ फूट वेग, एका डब्यात ३० पौंड वजन. हे डबे आडवे धावतात आणि सरळ उभ्या भिंतीवरही चढतात, आणि चढताना पुस्तकं सांडू नयेत म्हणून आतली पेटी झुल्यासारखी सरळ राहते. जुन्या हवेच्या नळ्या तोवर वापरात होत्या.

६. सिंह

पायऱ्यांच्या दोन बाजूंना बसलेले दोन सिंह एडवर्ड क्लार्क पॉटर यांनी घडवले आणि ब्राँक्समधल्या पिचिरिली बंधूंनी टेनेसीच्या गुलाबी संगमरवरात कोरले. पुढे लिंकन स्मारकातला पुतळाही याच बंधूंनी कोरला. सुरुवातीला वर्तमानपत्रांनी सिंहांची यथेच्छ टर उडवली. नंतर १९३० च्या दशकातल्या मंदीत महापौर ला ग्वार्डिया यांनी त्यांना ‘पेशन्स’ आणि ‘फॉर्टिट्यूड’ ही नावं दिली. या दिवसांतून तरून जायला शहराला संयम आणि धैर्य लागेल, असं त्यांना वाटत होतं. नावं टिकली.

७. त्या टेबलांवर कोण बसलं

वाचनकक्षात ६३६ वाचकांची सोय होईल एवढी ओकच्या लाकडाची लांबलचक टेबलं आहेत. तिथे आणि शेजारच्या दालनांत बसून गेलेल्या माणसांची यादी मोठी आहे. एकाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

चेस्टर कार्लसन हा पेटंटच्या कामात गुंतलेला नोकरदार. कागदपत्रांच्या प्रती करण्यात त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. फोटो काढा नाहीतर पुन्हा टंकलिखित करा, दोनच मार्ग. कमी खर्चात, झटपट प्रत निघेल असं काही असू शकतं का, हे शोधायला तो कामानंतर या ग्रंथालयात बसू लागला. प्रकाश पडला की काही पदार्थांतून वीज अधिक सहज वाहते, या गुणधर्माची माहिती त्याला इथे मिळाली. हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ पाल शेलेनी यांचं या अंगानं जाणारं काम त्याच्या वाचनात आलं आणि वाट सापडली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात त्याची पहिली कोरडी प्रत निघाली. आज गल्लोगल्ली जे झेरॉक्सचं दुकान असतं त्याचं मूळ त्या प्रतीत आहे. कुठल्या प्रयोगशाळेनं त्याला दार उघडलं नव्हतं, ग्रंथालयानं उघडलं होतं.

‘रीडर्स डायजेस्ट’चे डेविट वॉलेस इथल्या नियतकालिकांच्या दालनात बसून इतर मासिकांतल्या लेखांचे संक्षेप करायचे. बेटी फ्रीडन यांनी ‘द फेमिनिन मिस्टीक’ आणि रॉबर्ट कॅरो यांनी ‘द पॉवर ब्रोकर’ या पुस्तकांवरचं काम याच इमारतीत केलं. रिप्लीच्या ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ या सदरातली चमत्कारिक माहिती शोधणारे नॉर्बर्ट पर्लरॉथ तर १९२३ पासून अनेक दशकं याच वाचनकक्षात ठाण मांडून होते.

८. कोठार रिकामं करायचं का?

२०१२ मध्ये ग्रंथालयानं एक योजना पुढे रेटली. सात मजली जुनं कोठार पाडायचं, तिथली पुस्तकं बहुतांश न्यू जर्सीतल्या दूरच्या गोदामात न्यायची, आणि मोकळ्या झालेल्या जागेत देवघेवीचं नवं ग्रंथालय करायचं. आराखडा वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाचा होता. बाजूनं मुद्दे होते. जुन्या कोठारात आग विझवण्याची आधुनिक व्यवस्था नाही, तापमान आणि दमट हवा आटोक्यात राहत नाही, कागद खराब होतो. शिवाय शेजारची एखादी इमारत विकून पैसे उभे राहतील, हाही हिशेब होता.

विरोध जोरात झाला. लेखक, संशोधक, नागरिक सगळेच बोलू लागले. वास्तुसमीक्षक ॲडा लुईस हक्स्टेबल यांनी डिसेंबर २०१२ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये या योजनेवर कडक लेख लिहिला. महिनाभरातच त्या गेल्या, तो त्यांचा तिथला शेवटचा लेख ठरला. आक्षेप दोन होते. पुस्तक दूर गेलं की सहा मिनिटांची वाट एखाद्या दिवसाची होते आणि संशोधकाच्या कामाचा ओघ तुटतो. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता: वरचं दालन आणि खालचं कोठार या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, एकच आखणी आहे. एक कापली की दुसरीला टेकू द्यायलाच कोट्यवधी डॉलर लागणार.

मे २०१४ मध्ये योजना मागे घेतली गेली. योगायोगानं त्याच महिन्यात एका रात्री वाचनकक्षाच्या छतावरचं प्लास्टरचं एक फूल निखळून खाली पडलं. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. वाचनकक्ष बंद करून छतावरची सगळी, सुमारे ९००, फुलं पोलादी तारांनी बांधून घेतली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तो पुन्हा उघडला. पुस्तकं मात्र २०१३ मध्येच जुन्या फळ्यांवरून काढून झाली होती. ती तिथे परतली नाहीत. आता बागेखालचं भांडार आणि गोदाम मिळून काम भागवतात, सात मजले रिकामे आहेत.

२०१७ मध्ये शहराच्या वारसा आयोगानं वाचनकक्षाला आणि तालिकांच्या दालनाला अंतर्गत वारसावास्तूचा दर्जा दिला. इमारतीचा बाहेरचा भाग तर त्याच्या पन्नास वर्षं आधीच संरक्षित झाला होता, पण ज्या दालनासाठी ती बांधली त्याला एवढी वाट पाहावी लागली. कोठार अजून त्या यादीत नाही. लोकांना तिथे जाता येत नाही, म्हणून ते सार्वजनिक दालन ठरत नाही, अशी नियमाची अडचण आहे. तरीही त्याची नोंद व्हायला हवी. अग्निशमनाची आणि थंड हवेची व्यवस्था बसवून फळ्या पुन्हा भरायच्या की दुसरं काही करायचं, हा निर्णय पुढे कुणीतरी घेईलच. तो घेताना वरची फरशी कशावर उभी आहे, हे त्या नोंदीत लिहिलेलं असलं पाहिजे.